मामांचं गाऱ्हाणं

माझ्या थोरल्या मामांइतका होकाराचा भुकेला माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात दुसरा झाला नाही. तोंडवलीच्या देवळात गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. देवाकडे तोंड करून ते एकेक मागणं मागणार आणि मागे उभ्या गावानं दर मागण्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. ही सवय इतकी मुरलेली की घरी भात मागतानाही मामा मध्येच थांबायचे, आणि मामी चुलीपासून ओरडायची, "व्हय म्हाराजा, येवा आता!"

मामांचा डावा कान लहानपणीच वाहून वाहून गेलेला. साठच्या सुमारास उजव्यात गाज सुरू झाली. भर ओहोटीला विचारायचे, "भरती इली काय रे?" मग चक्कर. कसली चक्कर! धडधाकट माणूस खांबाला मिठी मारून ओकायचा आणि वर खांबालाच दम द्यायचा, "मेल्या, सरळ उभो रव!" एकदा गाऱ्हाण्यातच कोसळले. पुढेपुढे अंगणसुद्धा रांगत ओलांडायची पाळी आली.

मी मुंबईत कारकून, म्हणून न्यायला मीच आलो. आगबोटीत समुद्र खवळला, सगळे आडवे, एकटे मामा खुशीत. "आज सगळ्यांक माझो रोग लागलो!" इस्पितळातल्या सर्जननी मात्र स्पष्ट सांगितलं: कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग काढून टाकू, चक्कर थांबेल, पण उरलंसुरलं ऐकणंही कायमचं जाईल. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "रांगत जगण्यापरास बहिरो बरो."

ऑपरेशनच्या दारात त्यांनी स्ट्रेचरवरूनच हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माका परत माझ्या पायार उभो कर रे म्हाराजा!" आणि थांबले. माझ्यासाठी. दोन नर्सबाई हसू दाबत होत्या. इस्त्रीच्या पँटीतल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तोंडातून शब्द फुटला नाही. दार बंद झालं.

मामा चार महिने भिंत धरून आणि मग मोकळे चालू लागले. गाऱ्हाणंही घालू लागले, पण देवाकडे पाठ करून, लोकांची तोंडं दिसावीत म्हणून. "देवाक पाठ?" म्हणून म्हातारे खवळले, मामांना ऐकूच आलं नाही. मी दर जत्रेला रजा काढून पुढे उभा राहायचो आणि घसा बसेस्तोवर ओरडायचो.

एकदा गाऱ्हाणं आटोपून तिथेच उभ्याउभ्या ते मला म्हणाले, "त्या दिसा दारात तू व्हय म्हटलंस मा? माका तवाच आयकाक येयनासा झाला."

मी मान हलवली, होय म्हणून. त्यांच्या पाठीमागून देव माझ्याकडेच बघत होता.