अप म्हणजे जाणे

आमच्या गावात रोज कामाला जाणाऱ्या माणसाला 'अपडाऊनवाला' म्हणतात. सकाळी घर सोडलं की अप, संध्याकाळी घराकडे वळलं की डाऊन. कुठल्या दिशेला जातो याला गावाच्या लेखी महत्त्व नाही. कुणाला पालघरच्या दवाखान्यात न्यायचं असलं तरी म्हातारी माणसं विचारायची, "अप कशानं करनार?" रेल्वेचं तसं नाही. तुमचं घर कुठं आहे याच्याशी रेल्वेला देणंघेणं नसतं. मुंबईकडे जाते ती अप आणि सुरतेकडे जाते ती डाऊन. हा फरक मला लग्न झाल्यानंतर दोन वर्षांनी कळला आणि त्यात माझी नोकरी गेली.

आमचं स्टेशन विरारहून येताना पालघरच्या अलीकडचं. नाव लिहीत नाही. सत्तर सालानंतर आमच्याकडची निम्मी तरुण माणसं बोईसरच्या नव्या कारखान्यांत लागली होती. मी कुंभवलीच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात हेल्पर होतो. बोईसर आमच्यापासून डाऊनला. कारखान्याच्या वेळेला बरोबर जुळणारी एक सकाळची गाडी होती, पण ती आमच्या स्टेशनात थांबत नसे. त्यानंतर थोड्या वेळाने उलट बाजूने मुंबईकडे जाणारी एक गाडी यायची, तीही थांबत नसे. आम्ही सायकली मारत पालघर गाठायचो, तिथे सायकली टाकून पळत गाडी पकडायचो. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी ती चुकायचीच. फोरमनने मला सांगून ठेवलं होतं, "तीन महिने वेळेवर ये. कायम करायला मी शब्द टाकतो."

त्याच वर्षी आमच्या मार्गावर विजेचे खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या आणि कोळशाची इंजिनं गेली. नवीन वेळापत्रक होणार होतं. स्टेशनमास्तर म्हणाले, "गाडी थांबवून घ्यायची तर आत्ताच अर्ज करा." गावाने माझ्याकडे बोट दाखवलं, कारण बोलण्यात आणि भांडण्यात मला कुणी हरवत नसे. मी तीन पानी अर्ज लिहिला. किनाऱ्यावरच्या कोळणींपासून डोंगराकडच्या पाड्यांपर्यंत फिरून सह्या आणि अंगठे घेतले. अर्जात ठळक अक्षरांत मागणी होती: सकाळची अप गाडी आमच्या स्टेशनात थांबवावी. अप म्हणजे जाणे. आम्हाला कामावर जायचं होतं.

अर्ज धाडायच्या आदल्या दिवशी माझे सासरे आले होते. ते वैतरणा स्टेशनवर सांधेवाले होते. रूळ या लाइनीवरून त्या लाइनीवर फिरवून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बायको वारलेली आणि मुलगी एकच, ती मला दिलेली. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही हा रिवाज ते पाळत, म्हणून येताना फिरकीचा तांब्या भरून आणत आणि ओट्यावरच बसत. मी त्यांच्या हातात अर्ज दिला.

"मामा, तुम्ही रेल्वेतले. जरा नजर घाला. अक्षर वाचता येतंय ना साहेबांना?"

त्यांनी चष्मा लावला. तिन्ही पानं वाचली. मग पहिलं पान पुन्हा वाचलं. घरात माझी बायको तांदूळ निवडत होती, तिच्याकडे एकदा बघितलं आणि चष्मा काढला.

"अक्षर झ्याक हाय," ते म्हणाले.

"सही करता का?"

"आमाला नोकरीत सही चालत नाय."

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मागणी मंजूर. स्टेशनमास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा लोकांनी मला उचलून घेतलं. पहिल्या दिवशी आख्खं गाव डबे घेऊन डाऊन फलाटावर हजर. झेंडूचा हार आणि इंजिनापुढे फोडायला नारळ. ठरलेल्या वेळेला कामाची गाडी आली आणि धूळ उडवत निघून गेली. हार धरलेला माणूस हार धरूनच राहिला. थोड्या वेळाने रुळांपलीकडे, समोरच्या फलाटावर, मुंबईकडे तोंड करून एक गाडी येऊन शांतपणे उभी राहिली.

"अरे, आपली गाडी पाठमोरी कशी आली?" कुणीतरी म्हणालं.

स्टेशनमास्तरांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही अप मागितलीत. अप थांबली."

"म्हनजे?"

"म्हणजे ही विरारला जाते."

मग सगळे एकदम सुटले. "वकीलसाहेब, बसा आता आनि जा विरारला कामाला!" "आरं, त्याला कारखाना वळवून मागायचा व्हता!" एक कोळीण तेवढी टोपली सावरत रूळ ओलांडून धावली आणि गाडीत चढली. दारातून ओरडून म्हणाली, "माजं तर बरं झालं रं बाबा! देव तुला सुखात ठेवो!" त्यावर जो हशा पिकला तो मला आजही ऐकू येतो.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जन्मभर अप आणि डाऊनचे रूळ फिरवणाऱ्या माणसाने तो अर्ज दोनदा वाचला होता.

पुढच्या पावसाळ्यात माझे तीन उशीर झाले आणि फोरमनने दुसऱ्याला कायम केलं. मी नोकरी सोडली, म्हणजे मला सोडावीच लागली. कारखान्यांतून रिकामी पिंपं उचलून धुऊन विकायचा धंदा मी सुरू केला. पहिली दोन वर्षं पिंपं सायकलला बांधून नेली. मग हातगाडी, मग टेम्पो, मग बोईसरला शेड. लोक म्हणतात, चूक झाली म्हणून मालक झालास. हे वाक्य माझ्यासमोर दुसऱ्यांदा कुणी बोलत नाही. मी मालक झालो तो माझ्या हातांनी आणि माझ्या तोंडाने. अर्जातल्या एका शब्दाला त्याचं श्रेय मी का द्यावं?

सासऱ्यांशी मी बोलणं टाकलं. भांडलोही नाही. मी रागीट आहे, पण जे भांडण भांडून संपतं त्यात मला गंमत वाटत नाही.

बायको मात्र दर गुरुवारी त्याच गाडीने वैतरण्याला जाऊ लागली. सकाळी जायची, बापाला स्वयंपाक करून घालायची, दोन दिवसांचं करून ठेवायची आणि दुपारच्या गाडीने पोरं शाळेतून यायच्या आत परत. त्या गाडीशिवाय हे जमणारं नव्हतं. ती जायची त्या सकाळी मी चहा न पिता बाहेर पडायचो. पण पालघरजवळच्या माहीमच्या बाजारातून सुके बोंबील मी स्वतः निवडून आणायचो आणि तिच्या पिशवीजवळ ठेवायचो. कुणासाठी, हे मी बोलत नसे आणि ती विचारत नसे. संध्याकाळी ती सांगायची, "बाबा विचारत व्हते, जावय कसे हायत."

"सांग, जिवंत आहे."

"तेच सांगितलं."

असं दहा-बारा वर्षं चाललं. सासरे निवृत्त झाले. रेल्वेची खोली सोडून तिथेच खाडीच्या बाजूला एक खोली भाड्याने घेऊन राहिले. गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू आला. गुरुवारचे गुरुवार-रविवार झाले. मी म्हणालो, "त्यांना इथे आण." ती म्हणाली, "लेकीच्या घरात राहायचे नायत ते. मरून जातील पन राहायचे नायत."

मग आमच्याकडचे फलाट उंच करायचं काम निघालं. तोवर फलाट इतके बुटके होते की बायकांना डब्यात चढायला वरून कुणाला तरी हात द्यावा लागे. कामाच्या पाहणीला मोठे साहेब येणार होते आणि पुन्हा वेळापत्रक बदलणार होतं. गाव माझ्या ओसरीवर जमलं. आता गावातली पन्नासेक माणसं रोज सायकलने पालघर गाठत होती. सगळ्यात म्हाताऱ्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "या वक्ताला तरी गाडी सरळ बाजूची आन रं."

लोक गेल्यावर बायकोने विचारलं, "काय मागणार?"

"दोन्ही."

"आनि एकच देतो म्हनाले तर?"

ती पोरांचे कपडे घडी करत होती. एकच सदरा तिने दोनदा घडी केला. मग म्हणाली, "गावाचं बघा."

साहेब हिंदीत बोलणारे होते. मी चार गाड्या मागितल्या, म्हणजे दोन तरी मिळतील. बाजारात मी असंच करतो. ऐकलं नाही तर पाठ फिरवून चालू लागतो, दुकानदार हाक मारतोच. इथे मी पाठ फिरवली तर साहेब दुसऱ्या माणसाशी बोलू लागले. मी परत वळलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"देखो भाई," ते म्हणाले, "सुबह का एक ही स्टॉप है. इधर का रखो या उधर का लो. एक बोलो."

फलाटाच्या टोकाला माझी बायको उभी होती. तो गुरुवार होता. तिची गाडी यायला थोडाच वेळ होता आणि तिच्या पिशवीत बोंबील होते.

"डाऊन," मी म्हणालो. "मुंबईकडून बोईसरकडे जाणारी. सकाळची." मी त्यांना ते लिहायला लावलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. सगळ्या गावाने ऐकलं. तिनेही ऐकलं. तिने पदर डोक्यावरून सारखा केला आणि गाडी आली तेव्हा नेहमीसारखी चढली.

नवं वेळापत्रक लागू व्हायच्या आदल्या रविवारी बायकोऐवजी मी स्वतः त्या अप गाडीत बसलो. ती थांबायला लागल्यापासून पहिल्यांदाच. वैतरण्याला उतरलो आणि खोली शोधली. सासरे दारात बसले होते. एका डोळ्याने बघून म्हणाले, "कोन?"

"जावई."

"आवाज जाड झाला तुजा."

मी खाली बसलो. इतक्या वर्षांत काय काय बोलायचं हे मी टेम्पो चालवताना, पिंपं मोजताना शेकडो वेळा घोकलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "मामा, तुम्ही तो अर्ज वाचला होतात."

"वाचला. दोनदा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू ईचारलंस, अक्षर वाचता येतं का. मी सांगितलं, झ्याक हाय." मग त्यांनी खाडीकडे तोंड केलं. "पोर वरसातून एकदा दिसायची. माझी पाळी असली तर तीबी नाय. मी कुठं अर्ज करनार व्हतो? रेल्वेत सांधेवाल्याच्या लेकीसाठी गाडी थांबत नाय. तुज्या हातानं लिवून आलेलं. मी खोडलं नाय, एवढंच."

"माझी नोकरी गेली."

"ठावं हाय. त्या वक्तापासून तुज्या बोंबलाचा घास गिळायला तरास होतो. तरी खातो. पोरगी समोर बसलेली असते."

मला राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून मला स्वतःचाच राग आला. मी म्हणालो, "उद्यापासून ती गाडी थांबणार नाही. मीच बदलून घेतली. आता तुम्ही चला."

"लेकीच्या घरात मी राहत नाय."

"राहू नका. लेकीचे नाही, माझे पाहुणे म्हणून या. आठ दिवस. पाहुण्याला पाणी चालतं."

त्यांनी दोनदा नकारार्थी मान हलवली. मी ओळखलं की हा माणूस माझ्याइतकाच चिवट आहे. शेवटी म्हणाले, "आठ दिसांनी निघनार. पिशवी सोडायची नाय. परत राहायचं तर तू सवता ईचारायचं. पोरीनं नाय. तू."

असे ते आले. पिशवी खुंटीला, गाठ तशीच. दर रविवारी सकाळी मी त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचो, "मामा, अजून आठ दिवस राहा." ते आढेवेढे घ्यायचे, मग राहायचे. पोरं खिडकीआडून हसायची. बायको मात्र त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. मी विचारेपर्यंत आत भांडं वाजत नसे.

एका रविवारी शेडवर गिऱ्हाइकाशी माझं कडाक्याचं वाजलं आणि मी रागात तसाच बाहेर राहिलो. दुपारी घरी आलो तर खुंटी रिकामी. बायको उंबऱ्यात बसली होती. मी स्टेशनकडे धावलो.

नव्या उंच फलाटाच्या अप बाजूला ते बसले होते, पिशवी मांडीवर, काठी बाजूला. दुपारची गाडी माझ्या डोळ्यांदेखत आली, थांबली आणि गेली. ते उठले नाहीत. एक डबा बरोबर त्यांच्यासमोर उभा होता, दार उघडं. फलाट डब्याला लागून होता, फक्त एक पाऊल टाकायचं होतं.

मी शेजारी जाऊन बसलो. धाप लागली होती.

"गाडी सोडलीत," मी म्हणालो.

"डब्यात गर्दी व्हती."

डबा रिकामा होता. मी तो पाहिला होता. पण मी म्हणालो, "हो, होती खरी." मग म्हणालो, "मामा, अजून आठ दिवस राहा."

"उशीर झाला ईचारायला. चार दिस."

"आठ."

"चार. मला बी घर हाय."

वैतरण्याच्या त्या खोलीची किल्ली आम्ही वर्षभरापूर्वीच मालकाला परत दिली होती, तीही त्यांच्याच हाताने. मी तो विषय काढला नाही. घासाघीस करत आम्ही दोघं उन्हात बसलो. शेवटी सहा दिवसांवर जमलं. मी पिशवी उचलू लागलो, तर त्यांनी हात आडवा धरला आणि ती स्वतःच उचलली.