ब्रश पुसायची फळी

धोंडबा रामटेकेच्या हाताला असं वळण होतं की त्यानं पोलाद कारखान्यातल्या शॉपच्या भिंतीवर 'सुरक्षा पहले' लिहिलं की ते छापखान्यातून निघाल्यासारखं दिसायचं. दोरी न मारता सरळ ओळ. पण भिंतीवर लिहिणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. नोकरीभर त्यानं अख्ख्या प्लांटला वाचायला दिलं आणि रिटायर झाल्यावर एक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन मरोदा वस्तीतल्या घरी आला.

त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते चिंधू भोयरमुळे.

हा चिंधू पेंट शॉपमध्ये, म्हणजे प्लांटच्या रंगकाम खात्यात, त्याच्या हाताखाली होता. ब्रश कसा धरायचा हेही धोंडबानंच शिकवलेलं. अक्षराशी चिंधूचं सात जन्मांचं वैर. त्याचा 'क्ष' नेहमी दारू प्यायल्यासारखा कलंडायचा. शेवटी धोंडबानंच त्याला पाइपांवर लावलं. पिवळे, हिरवे, निळे पट्टे ओढ आणि गप बस. आता रिटायर झाल्यावर हाच चिंधू घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये कॅनव्हासवर पट्टे ओढत होता, डाग उमटवत होता. ना त्यात माणूस, ना झाड, ना बैल. आणि रायपूरची शिकलेली माणसं त्याला मोठा आर्टिस्ट म्हणत होती. पेपरात फोटोसुद्धा आला.

"तू हे काय काढून राहिला बे?" धोंडबानं एकदा विचारलं होतं.

"मले बी नाही मालूम, उस्ताद," चिंधू हसून म्हणाला. "काढलं की बरं वाटते."

आता हे उत्तर ऐकून कोणाच्या पोटात दुखणार नाही? ज्याला मालूम नाही त्याचा फोटो पेपरात, आणि ज्याला सगळं मालूम तो घरी बसून तोच पेपर वाचतोय. धोंडबाला रात्रंदिवस चिंधू दिसू लागला. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्याला चिंधूचा राग यायचा.

त्याची बायको कांता सगळं ओळखून होती. "गुरू गूळच राहिला अन् चेला शक्कर होऊन गेला," ती मेथी निवडता निवडता म्हणाली. "होते असं. त्यात इतकं जळाले काय झालं जी तुमाले?"

"मी जळून राहिलो? मी?" असं म्हणत धोंडबानं चहा अर्धा ठेवला आणि चपला घातल्या.

मग चिंधूच्या पोरीनं, दामिनीनं, नवीनच काढलं. रविवारी पापाचा स्टुडिओ सगळ्यांसाठी खुला, कोणीही या आणि बघा. मोबाइलवर ते गावभर झालं. शनिवारी सकाळी चिंधू स्कूटरवर धोंडबाच्या दारात.

"उस्ताद, रायपूरले ठेवलेले चित्रं आणाले जाऊन राहिलो आम्ही. तिथंच मुक्काम, उद्या सकाळी येतो. तुमी जरा शेड नीट करून ठेवा ना. दुसऱ्या कोणाले चाबी नाही देत मी."

धोंडबा नाही म्हणू शकला असता. पण ज्याचा हेवा वाटतो त्याचं घर आतून बघायला कोणाला आवडत नाही? त्यानं चाबी घेतली.

शेड त्यानं झाडली, जाळी काढली, रंगांचे डबे उंचीप्रमाणे लावले. आणि मग चित्रांपुढे उभा राहिला. एक होतं नुसतं काळं, मधे नारिंगी फट. भट्टीचं तोंड उघडल्यावर रात्रपाळीला दिसायची तशी. त्यावरून त्याची नजर हलेना, आणि हलत नाही म्हणून तो आणखीनच चिडला. चारी भिंतींवर चिंधू. समोरच्या भिंतीवर मधोमध एक खिळा रिकामा होता. तिथंही उद्या चिंधूच लागणार.

खिळ्याखाली भिंतीला एक प्लायची फळी टेकून ठेवली होती. धोंडबानं ती लगेच ओळखली. पेंट शॉपमध्ये काम संपलं की तो आणि चिंधू ब्रशला उरलेला रंग हिच्यावर पुसत. एक कोपरा वेल्डिंगच्या ठिणगीनं जळालेला. असा भंगार माल कोणी घरी आणतं का?

पेंट शॉपचा एक कायदा होता. मोठे साहेब येणार म्हटलं की कळकट दिसेल ते रंगवून टाकायचं. झाडांना गेरू-चुना, रेलिंगला पिवळा, टाकीला चंदेरी. उद्या तर पब्लिक येणार होती. खरं सांगायचं तर नुसता कायदा नव्हता तो. इतक्या सगळ्या चिंधूत एक तरी वस्तू धोंडबाची दिसावी, लोकांनी ती वाचावी, म्हणून त्याचा जीव तळमळत होता.

त्यानं फळी अंगणात उन्हात नेली. पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली, प्रायमर मारला, वर पांढरा. लवकर सुकावा म्हणून रंगात ड्रायर टाकला. संध्याकाळी लाल आणि निळ्यात लिहिलं: 'आपका स्वागत है'. जन्मात लिहिलं नव्हतं इतकं सुंदर. फाटकाशी उभी करून तो घरी आला आणि पोटभर जेवला.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, कांताला घेऊन तो गेला. प्लांटच्या टाउनशिपमधल्या सेक्टरांतली माणसं, कॉलेजची पोरं, जुने प्लांटवाले जमले होते. पोरं स्वागताच्या पाटीशी फोटो काढत होती, आणि धोंडबाची छाती फुगत होती. इतक्यात चित्रं घेऊन रायपूरहून चिंधूची गाडी आली. चिंधू हसत सगळ्यांना आत घेऊन गेला, बोलायला म्हणून समोरच्या भिंतीकडे वळला आणि थांबला. खिळा रिकामाच होता.

दामिनी धोंडबाजवळ आली. "काका, इथं फळी होती ना? कोपरा जळलेली?"

"ते कळकट? ते तर बाहेर..." धोंडबानं फाटकाकडे बोट केलं.

दामिनीचा चेहरा उतरला. "पापा उसी से शुरू करणार होते, काका," ती हळूच म्हणाली. "त्यावर तुमचा ब्रश उभा पुसलेला अन् त्यांचा आडवा, हे त्यांनी मले दाखवलं होतं. म्हणे, आम्हा दोघांचं हे पहिलं चित्र. तुमचं नाव सांगणार होते सगळ्यांले."

चिंधू फाटकापर्यंत गेला, त्याच्यामागं लोकही आले. जळक्या कोपऱ्यावरून त्यानं बोट फिरवलं. मग लोकांकडे वळून म्हणाला, "ये अक्षर देखिए. ये मेरे उस्ताद ने लिखा है. धोंडबा रामटेके."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कांतानंही वाजवल्या. चारचौघांत आपलं नाव धोंडबा पहिल्यांदाच ऐकत होता, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

टाळ्या थांबल्यावर लोक आत गेले. चिंधू त्याच्याजवळ सरकला. "उस्ताद, तारपिननं पुसलं तर निघन का? खाली असन ना ते?"

धोंडबानं पांढऱ्यावर अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. ओरखडासुद्धा उमटला नाही.

"नाही निघत," तो म्हणाला. "आधी घासून घेतली होती मी. काम पक्कं केलं."