पूर्णिमाबाईंची जर्मन

पूर्णिमाबाई कोल्हापुरातल्या एका शाळेत बावीस वर्षं जर्मन शिकवत होत्या आणि या बावीस वर्षांत एकाही जर्मन माणसाशी चार शब्द बोलल्या नव्हत्या. बोलायचा योग आलाच असता, तर त्यांनी काहीतरी काम काढून पळ काढला असता, हेही तितकंच खरं. त्यांची जर्मन पुस्तकातली. नववीचा आख्खा वर्ग त्यांच्या तासाला पाढे म्हणावेत तशी क्रियापदं म्हणायचा.

त्या वर्गात गडहिंग्लजकडची दानेश्वरी आली. घरात कानडी, गल्लीत मराठी, बापाच्या भुसारी दुकानात गिऱ्हाईक बोलेल ती भाषा. लाज म्हणून तिच्या गावीच नव्हती. सहा महिन्यांत पोरगी चुकतमाकत, पण धडाधड जर्मन बोलायला लागली. बाईंच्या पोटात दुखायला लागलं. तिच्या वहीत त्या लाल शाईच्या रेघा जरा जास्तच दाबून ओढायच्या. आपण आयुष्य घातलं, आणि ही काल आलेली!

मग जर्मनीतल्या एका शाळेनं दोन आठवड्यांसाठी एक विद्यार्थी बोलावला. मुलाखत संगणकावर, शुक्रवारी तीनला. हेडसरांनी दानेश्वरीचंच नाव दिलं.

"साडेतीनला ये," बाईंनी तिला सांगितलं. जीभ घसरली नव्हती. चांगला विचार करून सांगितलं होतं.

तीनला पडद्यावर एक जर्मन बाई आल्या. विद्यार्थिनी कुठाय, म्हणाल्या. येईलच, म्हणता म्हणता पूर्णिमाबाई बोलत सुटल्या. शाळेबद्दल, पावसाबद्दल, रंकाळ्याबद्दल. समोरची बाई हसत होती, उलट विचारत होती. वीस मिनिटांनी तिनं घड्याळ बघितलं. पावणेचारपर्यंत मुलगी आली तर फोन लावा, नाहीतर दुसरीला घेऊ, म्हणाली आणि गेली.

बाई खुर्चीतच बसून राहिल्या. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. तेवढ्यात दानेश्वरी धापा टाकत दारात. साडेतीनला पाच कमी होते. त्या बाई आत्ताच बोलून गेल्या माझ्याशी, असं पूर्णिमाबाईंच्या तोंडून निघूनच गेलं.

"बाई, तुमी बोललासा त्यांच्यासंगं? कळलं त्यान्ला?"

"कळलं की."

"बघा! मी आईला म्हणलोतो, आमच्या बाई एकदा बोलायला लागल्या की लई भारी बोलतील!"

पोरीच्या तोंडावरचं कौतुक खरं होतं, आणि बाईंना तेच सोसवेना. त्यांनी घाईघाईनं फोन लावला आणि खुर्ची तिच्यापुढे सरकवली. टेबलावर मुलाखतीचा कागद पडला होता. दानेश्वरीचं नाव, त्याच्यापुढे वेळ, तीन. तिनं तो वाचला. एकदा बाईंकडे बघितलं आणि खुर्चीत बसली.

उशीर का झाला, असं पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

"वेळ माझ्याच ध्यानात राहिली नाही," दानेश्वरी जर्मनमध्ये म्हणाली. "चूक माझी आहे."

पूर्णिमाबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. ते वाक्य खरं तर त्यांनी म्हणायचं होतं. तेही ही पोरगीच म्हणून गेली, आणि बाईंना तिचा पहिल्यापेक्षाही जास्त हेवा वाटला.