सरांना वजा एक?

भावा, कप ठेव खाली. ठेव म्हणतो न्हवं! आत्ता काय झालं ते आधी ऐक, न्हायतर माझं डोकं फुटंल.

आज माझी तोंडी परीक्षा होती, एम.ए.ची. प्रबंधाचा विषय म्हाईत हाय की तुला? परदेशात काय शिजतंय त्याचा अंदाज सरकारला देणारी गुप्तचर संस्था, तिची कामगिरी मोजायची कशी? विषय जड, पण मोजपट्टी मी आपल्या गल्लीतनंच उचललेली! कुस्तीचा निकाल आधी सांगणारा चुकला, तर चहा कोण पाजतो? त्योच की! तसंच हे. अंदाज खरा ठरला, अधिक एक. खोटा ठरला, वजा एक. विषय संपला!

माझे मार्गदर्शक सुतार सर कालच वरडलेले, "लेका, ही मोजपट्टी घिऊन आलास तर उद्या नापास हुशील. बदल!"

मी कशाला बदलतोय?

तर आज समोर पुण्यावरनं आलेल्या परीक्षक मॅडम, शेजारी सर. नापास झालो तर अख्खा प्रबंध परत लिहायचा, चेष्टा हाय व्हय?

मॅडम म्हणाल्या, "समजा, संस्थेनं सांगितलं, शेजारचा देश हल्ला करणार. सरकारनं लगेच सैन्य हलवलं. शेजारी घाबरला, हल्ला झालाच नाही. संस्थेला किती गुण?"

"वजा एक!"

"हल्ला टळला तरी?"

"बोलल्यागत झालं न्हाय की, मॅडम!"

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, अभिमानानं.

मॅडम हसल्या. "बरं. सर मला सांगत होते, काल त्यांनी तुम्हाला बजावलं होतं, नापास व्हाल म्हणून. हाही अंदाजच. आता तुम्ही विचार करून उत्तर बदललंत आणि पास झालात, तर सरांना किती?"

आता बघ, बाई मला विहिरीतनं वर काढायला दोर टाकत होत्या. पण माझं डोकं सुटलेलं भलतीकडंच! मी पास, म्हंजे सरांचा अंदाज खोटा. म्हंजे सरांना वजा एक! आणि सर तर समोर बसल्यात! आपल्यात वस्तादाची पाठ कोण मातीला लावतं का रं?

ताडकन उठलो. "न्हाय मॅडम! सरांचा शब्द मी खाली पडू देणार न्हाय. मला नापास करा!"

मॅडमचं बिस्कीट चहात बुडालं.

"करते," म्हणाल्या. आणि केलं की!

बाहेर आल्या आल्या सरांच्या पाया पडलो. वाटलं, आता उराशी धरत्यात.

"अरं बैला," सर कडाडले, "तू नापास होऊ नये म्हणूनच सांगितलं न्हवं मी! माझं ऐकून पास झाला असतास, तर जिंकलो असतो की रं मी!"

वर म्हणत्यात, पुढच्या खेपंला दुसरा वस्ताद बघ.

ज्यांच्यासाठी नापास झालो, त्यांनीच हाकललं! आता तूच सांग भावा, माझ्या जागी असतास, तर काय केलं असतंस?