सहसंस्थापक श्री. बठ्ठा

उज्ज्वला गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर त्या दिवसाच्या कामांची यादी होती आणि तिसऱ्या क्रमांकावर तिचंच नाव होतं : 'उज्ज्वलाकडून सहावी स्लाइड मागणे'. धुळ्याहून तिची विद्यार्थिनी कविता बोलत होती. "आमच्या मॅडम गेल्या हो... शिकवता शिकवता फळ्याजवळच कोसळल्या. दवाखान्यात नेईपर्यंत..." आणि मी, तिची पंचवीस वर्षांची मैत्रीण, म्हणाले, "मग स्लाइड कोण पाठवणार?" सहा आठवडे झाले. हे मी बोलले, यावर अजून माझा विश्वास बसत नाही.

एम.एस्सी.ला आम्ही जळगावला एका खोलीत राहत होतो. ती सोनगीरजवळच्या खेड्यातली, तोंडात अहिराणी, कपाट उघडलं की सगळं अंगावर पडायचं. मी तिच्या परीक्षेचं वेळापत्रक दाराला चिकटवलं की ती हसायची, "कसाले इतली घाबरस वं?" पुढे ती धुळ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागली. मी जळगावलाच विद्यापीठाच्या नवउद्योग केंद्रात लागले. प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या शोधासाठी निधी देणाऱ्या स्पर्धा असतात, त्यांचे अर्ज भरून घेणं हे माझं काम. उज्ज्वलालाही मीच त्यात ओढलं. घरचं बियाणं जिवंत आहे की नाही, हे पेरणीआधी सांगणारी एक पेटी तिने केली होती. भुईमुगाचा दाणा भिजवायचा, कापायचा, द्रावणात ठेवायचा. जिवंत असेल तर काही तासांत लाल होतो, नाहीतर पांढराच राहतो. रसायन जुनंच, पण बांधावर बसून कोणालाही जमेल असं तिने ते केलं. निधी मिळाला तर ही पेटी गावोगाव जाणार होती, नाहीतर तिच्या प्रयोगशाळेतच राहणार होती.

पहिल्या फेरीत मुंबईचे एक परीक्षक पडद्यावरून विचारत होते, "तुमचे सहसंस्थापक कोण?" उज्ज्वला म्हणाली, "बठ्ठा!" म्हणजे सगळेच, सगळं गाव. सभागृह हसलं. परीक्षकांनी मात्र ते लिहून घेतलं, आणि अंतिम फेरीचं पत्र आलं ते 'डॉ. उज्ज्वला व श्री. बठ्ठा' यांच्या नावाने. मी लगेच दुरुस्तीचा मेल लिहायला बसले. "राहू दे ना," ती म्हणाली, "त्यांच्या जेवणाचं कूपन मी घेईन." कविताचं नाव घाल, असं मी तिला तीनदा सांगितलं होतं. "तिची परीक्षा होऊ दे." चौथ्यांदा सांगायचं राहून गेलं...

अंतिम फेरीला आठ दिवस होते. नियम असा, की संस्थापक नसेल तर अर्जात नोंदलेला सहसंस्थापक बोलू शकतो. कविता म्हणाली, "मॅडम, मला सगळं तोंडपाठ आहे. मी बठ्ठा म्हणून उभी राहते. त्यांना काय कळणार?" मी नाही म्हटलं. आयोजकांना खरं काय ते कळवलं आणि कविताला बोलू द्या, अशी विनंती केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं : दोन ओळी शोकाच्या, एक ओळ अर्ज बाद झाल्याची. मी गप्प बसले असते तर... कविताने मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

गेल्या आठवड्यात धुळ्याला गेले. पुढच्या वर्षीचा अर्ज बरोबर नेला होता, पहिलं नाव कविताचं. प्रयोगशाळेच्या टेबलावर पाकिटांचा ढीग पडला होता. पारोळ्याहून, एरंडोलहून लोकांनी बियाणं पाठवलं होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "आधी ह्यांना उत्तरं द्यावी लागतील, पेरण्या तोंडावर आल्यात," कविता म्हणाली. मग खिडकीजवळची उज्ज्वलाची खुर्ची सोडून आम्ही दोघी बसलो. ती दाणे तपासत होती, मी निकाल लिहीत होते. उरलेले दाणे ज्याचे त्याच्या पाकिटात परत घालायचे होते. मी पाकीट चिकटवायला डिंक घेतला, तशी ती म्हणाली, "चिकटवू नका. मॅडम टाचणी लावायच्या. माणसाला पाकीट पुन्हा वापरता आलं पाहिजे, म्हणायच्या."

मी डिंक बाजूला ठेवला आणि मान वळवून खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहत विचारलं, "टाचण्या कुठे ठेवल्यास गं?"

कविताने खण उघडला.