सुधाताईंची प्रॅक्टिस

अधारतालच्या थेरपी सेंटरबाहेर एक बाक आहे. ऑटिझमवाली आमची मुलं आत आणि आम्ही आईबाप बाहेर. मुलं अठराची झाली तसे सेंटरने हात जोडले, पण आमच्याने बाक सुटला नाही. इतकी वर्षं एका बाकावर बसल्यावर किस्से साचणारच!

पहिला आमच्याच घरचा. केतकीला नाव-पत्ता सांगायला शिकवण्यात आमची दहा वर्षं गेली. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी नेलं, तर तिने पिनकोडसकट धडाधड सांगितलं. डॉक्टर खूश! "अरे, ये तो एकदम ठीक है!" झालं, सर्टिफिकेट नाही. पुढच्या खेपेला मी बजावलं, "बेटा, आत काही बोलायचं नाही." डॉक्टरांनी नाव विचारलं. केतकी म्हणाली, "पापा ने बोलने से मना किया है!"

वानखेड्यांचा रोहन जन्मात एक शब्द बोललेला नाही. पेन्शनच्या खिडकीवरचा बाबू म्हणाला, "लड़का बालिग है, खुद बोलेगा." वानखेडे म्हणाले, बोलता येत नाही. "तो उसी से लिखवा लाइए कि बोल नहीं सकता!" वानखेडे बाकावर येऊन रडले.

सुधाताईंचे मिस्टर गेलेले, घरात त्या आणि सव्वीस वर्षांचा नचिकेत. तिलवाऱ्यापलीकडे अशाच मोठ्या झालेल्या मुलांचं एक हॉस्टेल सापडलं. अट एकच, दरवर्षी पालकाने स्वतः येऊन सही करायची. "आणि मी नसले तर?" मॅनेजरने फॉर्म उलटापालटा करून पाहिला. "तब तो एडमिशन कैंसिल, दीदी."

त्यानंतर एका रविवारी मला नचिकेतचा फोन. "काका, आई उठून नाही राहिली. तुम्ही या." मी चपला न घालता धावलो. दार उघडं, सुधाताई जमिनीवर निपचित. मला पाहताच डोळे उघडून म्हणाल्या, "प्रॅक्टिस संपली!" नचिकेतने टाळ्या वाजवल्या.

मी भडकलो. "हे काय भलतंच!"

"काहून चिडता, भाऊ? मी मरायची प्रॅक्टिस करून राहिले. फोन करायचा, कडी काढायची, येणाऱ्याला चहा ठेवायचा. माझ्यामागे कोण शिकवील त्याला?"

मग दर रविवारी तोच फोन, त्याच टाळ्या, आणि नचिकेतच्या हातचा गोडमिट्ट चहा.

गेल्या बुधवारी फोन आला. "काका, आई उठून नाही राहिली. तुम्ही या."

कडी काढलेली होती. ओट्यावर चहाचे दोन कप, वर बशा झाकलेल्या. नचिकेत सुधाताईंशेजारी जमिनीवर बसून टाळ्या वाजवत होता.

"आई, काका आले. प्रॅक्टिस संपली. आई, प्रॅक्टिस संपली."