एक ळ कमी पडला

त्याला सगळे जुळारीच म्हणायचे. सरकारी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवता जुळवता त्याचं खरं नाव कुठे घरंगळलं, कोण जाणे. दोन खोल्या, एक स्टोव्ह आणि बोलायला भिंत, एवढाच संसार. धाकट्या भावाला परक्या सरकारने तुरुंगात टाकलं त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून जुळारी रोज दोघांपुरता स्वयंपाक करायचा आणि उरलेलं सकाळी गपचूप खायचा.

भावाला घरात घोळू म्हणत. का, ते सांगायलाच नको. हात लावील तिथे घोळ! पकडल्यावर शिपायाने नाव विचारलं, तेव्हाही पठ्ठ्याने छातीठोकपणे ‘घोळू’ सांगितलं आणि तुरुंगाच्या वहीत तेच चढलं.

मग एके दिवशी परके गाशा गुंडाळून निघाले. देश स्वतंत्र झाला. नव्या सरकारचं पहिलं राजपत्र छापायला आलं आणि त्या दिवशी आक्रीतच घडलं. छापलेलं अक्षर शाई वाळायच्या आत खरं व्हायला लागलं. ‘सर्व रस्ते स्वच्छ आहेत’ असं पान निघालं, तर खिडकीखालचा उकिरडा गायब! शेजारच्या जुळाऱ्याने घाईत ‘तोफांची सलामी’ऐवजी ‘टोपांची सलामी’ जुळवली, तर मैदानात सैनिक ओळीने उभे राहून पातेली बडवायला लागले. फोरमनने कपाळावर हात मारून घेतला.

शेवटचं पान आपल्या जुळाऱ्याकडे आलं. सुटणाऱ्या कैद्यांची यादी! तिच्यात घोळू होता.

आता नव्या सरकारच्या लेखनिकाला शब्दांचा भारी सोस. ‘सोहळा’ काय, ‘झळाळी’ काय, ‘सकळ जनांना मिळाले, सगळ्यांना मिळाले’ काय! मेल्याने ळ नुसते उधळले होते आणि ती पानं अजून यंत्रावर होती. ळच्या खणात एकच खिळा उरला. यादीत ळची नावं राहिली दोन. एक घोळू, दुसरा कुणी नळवाला.

“अरे, भावाला दे की,” फोरमन म्हणाला. “त्या दुसऱ्याला ल बसव. नलवाला. कोण बघतंय?”

जुळाऱ्याला ते जिवावर आलं. नळवाल्याची बायको सकाळपासून छापखान्याच्या दाराशी उभी होती. आपला माणूस काय, घेईल समजून, असं म्हणून त्याने शेवटचा ळ नळवाल्याला दिला आणि भावाच्या नावात ल बसवला. कसला हा चांगुलपणा, मला तरी कळत नाही बुवा!

संध्याकाळी दारावर थाप पडली. तेच रुंद कपाळ, तोच भुवईवरचा व्रण. “घोळ्या!” म्हणत जुळारी गळ्यात पडायला धावला.

“माफ करा, मी घोलू,” तो माणूस अदबीने म्हणाला. त्याने चपला काढून नीट जोडून ठेवल्या. “तुरुंगातून हाच पत्ता दिला. आपण कोण?”

घोळूने जन्मात कधी चपला जोडून ठेवल्या नव्हत्या.

सकाळी तो धावतच छापखान्यात गेला. पानं मोडून खण पुन्हा भरले होते, ळ आता हवे तेवढे. त्याने शुद्धिपत्र जुळवलं, “घोलूऐवजी घोळू वाचावे”, आणि छापून काढलं. शाई वाळली. खिडकीखाली कुणीतरी केराची टोपली रिकामी करत होतं.

“तो एकच दिवस होता रे,” फोरमन हळूच म्हणाला.

तरी तो ते चिठोरं घेऊन घरी पळाला. घोलूने दोन्ही खोल्या झाडून काढल्या होत्या. जुळाऱ्याने कागद पुढे केला. घोलूने तो दोनदा वाचला.

“म्हणजे तुमचं कुणीतरी हरवलंय,” तो कळवळून म्हणाला. “चला, मी येतो सोबत शोधायला. दिसायला कसा आहे?”

जुळाऱ्याला रडू आवरेना.

“तुमच्यासारखाच,” तो म्हणाला.